दादाची कॉइल आणि बाबांचा पंप

"डिंपी, निकेसचा पंप किती दिवस चालते वं?"

बाबांनी हे विचारलं तेव्हा मी सायकलच्या कॅरिअरला दप्तर बांधत होते. डोक्यात मात्र आमच्या शाळेचं स्नेहसंमेलन चालू होतं. ते संपून आठवडा झाला होता, पण माझ्या डोक्यातलं संपत नव्हतं. नववीपर्यंत जिला हजेरीला "यस सर" धड मोठ्यानं म्हणता येत नव्हतं, त्या मी, दहावी ब च्या डिंपलनं, माईक बंद पडल्यावर नुसत्या आवाजावर सगळा कार्यक्रम रेटून नेला होता! तेव्हापासून मला वाटायला लागलं होतं, की जगातली कुठलीही गोष्ट मी बोलून नीट करू शकते.

"दादाचा? कोणचा पंप, बाबा?"

"म्हणजे तुलेबी नाई सांगतलं त्यानं." बाबांनी आतल्या खोलीकडे पाहिलं. आई भाताची पेज काढत होती. बाबा आवाज आणखी खाली आणून म्हणाले, "परवा खालून दिसला मले, स्लॅबवर. टाकीच्या मांगं उभा होता, लपून. तोंडात लावून ओढून राहिला होता. मले पाह्यलं अन् गपकन खिशात टाकला. माया निळा हाये ना, त्याचा जांभळा हाये. नागपूरचा भारीवाला असन."

माझ्या हातातली दोरी सुटली आणि दप्तर खाली पडलं.

आमच्या घरात पंप म्हणजे एकच. बाबांचा श्वासाचा. बाबा तुमसरच्या एका राइस मिलमध्ये कोंड्याच्या बाजूला काम करतात. तिथं हवेपेक्षा धूळ जास्त. वीस वर्षं ती धूळ छातीत जाऊन बाबांना दमा झाला. दम लागला की पंप हलवायचा, तोंडात धरायचा, दाबायचा, श्वास आत ओढून धरायचा. मी लहानपणापासून हे बघते आहे, म्हणून मला त्याचं काही वाटत नाही. पण दादाच्या हातात बाबांनी पाहिलं ते काय होतं, हे मला चांगलंच माहीत होतं. तो पंप नव्हता. ते व्हेप होतं, बॅटरीवर चालणारी सिगरेट.

दिवाळीत दादा नागपूरच्या पोलीस भरती अकॅडमीतून घरी आला, तेव्हा चार्जर शोधताना त्याच्या बॅगेत मला ते सापडलं होतं. हायलायटर पेनासारखं जाड, जांभळं, आणि त्याला पिकल्या आंब्याचा वास. "वाफ हाये बे नुसती," दादा म्हणाला होता. "आंब्याची वाफ समज." वाफ असेल तर त्यावर सरकारनं बंदी काहून घातली, असं मी विचारलं, तर त्यानं माझ्याकडून शपथच घेतली, की कोणाला सांगणार नाही.

"अन् त्याच्यातलं औषध संपलं वाटते," बाबा सांगत होते. "काल ओढला अन् किती खोकलला पोट्टा! जळका वास आला मले खालपर्यंत. मंग त्यानं हे फेकून देल्लं." त्यांनी शर्टाच्या खिशातून कागदाची पुडी काढली. आत बोटाच्या पेरापेक्षाही लहान एक धातूची नळी होती आणि तिच्या तोंडाशी काळा पडलेला कापूस. "मिलले सुट्टी राहते त्या दिवशी मेडिकलमध्ये नेऊन दाखवतो. म्हणतो, असाच दुसरा द्या जी."

"नाई!" मी ओरडलेच.

"वरडतं कायले?"

"म्हणजे... मेडिकलवाल्याजवळ नसन ते."

"मंग नागपूरले भेटन." बाबांनी पुडी नीट घडी करून परत खिशात ठेवली. मग स्वतःच्या सायकलच्या सीटवर हात ठेवून नुसतेच उभे राहिले. "मायाच दमा लागला त्याले, डिंपी. माया रक्ताचा. तो लपवून राहिला, कारण भरतीच्या डॉक्टरले समजलं तं बाद करन. म्यानंबी लपवलं होतं. खोकलणाऱ्या मानसाले मिलमध्ये ठेवत नोयते. तोंडात गमछा कोंबून खोकलो म्या, पण मुनीमजीले समजू देल्लं नाई. म्हणून तू त्याले काई बोलू नको. आईलेबी नाई. घे मायी शपथ."

मी घेतली. काय करणार? आता माझ्याकडे दोन शपथा जमा झाल्या होत्या. एक दादाची, एक बाबांची, आणि दोन्ही एकाच वस्तूच्या.

"तवरिक भागून जाईन त्याचं," सायकलवर टांग टाकताना बाबा म्हणाले. "म्या इंतजाम केला हाये."

कसला इंतजाम, हे विचारायचं मला सुचलं नाही. मला! मला बोलायचं सुचलं नाही!

त्या दिवशी शाळेत माझं कशातच लक्ष नव्हतं. भूगोलाच्या तासाला बाक हलतो आहे म्हणून खुशबूनं माझ्या मांडीवर चापट मारली. बाक मीच हलवत होते. पायच थांबत नव्हता. सरांनी दोनदा प्रश्न विचारला आणि मी दोन्ही वेळा "माहीत नाही" म्हटलं, तेव्हा वर्गात जी शांतता झाली, ती मी स्टेजवरसुद्धा ऐकली नव्हती.

"तुयी बॅटरी उतरली का?" खुशबूनं मधल्या सुट्टीत विचारलं. खुशबूला मी सगळं सांगितलं. (खुशबूला सांगणं हे सांगणं धरत नाहीत. ती माझी पहिलीपासूनची मैत्रीण आहे.)

तिनं डब्यातला वडा अर्धा तोडला आणि विचार करत चावला. "मंग तुया बाबाले वाटते, का निकेसभाऊ बिमार हाये."

"हाव."

"अन् निकेसभाऊले वाटते, का बाबाले काईच मालूम नाई."

"हाव ना!"

"अन् तुले वाटते, का तू बोलल्याबिगर काई होत नाई." ती हसली. "तू नको बोलू. त्यालेच बोलाले लाव. शपथबी तुटत नाई."

हे मला पटलं. पण पाचव्या तासाला दुसरंच काहीतरी आठवायला लागलं. मिलमधून निघताना कोंड्याच्या बाजूच्या लोकांना गुळाचा खडा मिळतो. घशातली धूळ उतरायला तो चघळत घरी यायचं, अशी तिथली रीत. बाबांचा खडा घरी येईपर्यंत कधीच उरत नाही. पण काल आणि परवा त्यांनी तो खिशातून काढून दादाच्या हातावर ठेवला होता. "खाय, घशाले चांगला राहते," म्हणाले होते. दादा माझ्याकडे बघून भुवया उडवत म्हणाला होता, "बाबा आज मेहरबान!" आणि आणखी एक आठवलं. काल जेवण झाल्यावर बाबांनी पंप हलवला होता. पुष्कळ वेळ हलवला होता. दाबला, तर नुसतं 'फस'. पुन्हा हलवला. पुन्हा फस.

पण पंप तर नवीन आणला होता ना? याच आठवड्यात मीच तर आणला होता मेडिकलमधून!

शाळा सुटल्यावर मी सायकल अशी मारली की रेल्वे फाटकाजवळ एका म्हशीनं मला वाट दिली. घरी आई शेजारच्या रत्नमालाकाकूंकडे गेली होती. दादाची बॅग खाटेखाली होती. मी बाजूचा कप्पा उघडला. आत निळा पंप. नवीन. मेडिकलवाल्याचं स्टिकर तसंच. तो बाबांच्या जुन्या रुमालात गुंडाळला होता आणि रुमालाला त्यांच्याच हातची गाठ होती, तांदळाच्या पोत्याला मारतात तशी.

हा होता इंतजाम. आणि रिकामा पंप खिशात टाकून बाबा धुळीत कामाला गेले होते.

मला एकदम रडू यायला लागलं आणि रागही आला, आणि दोन्ही एकाच वेळी कसं करायचं ते कळेना. मिलकडे जावं? पण मिल सुटायची वेळ झालीच होती. बाबा वाटेवर असतील. कोणत्या वाटेनं येतील काय माहीत, कधी बाजारातून येतात, कधी तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून. मी रुमालासकट पंप मुठीत धरला आणि स्लॅबच्या पायऱ्या दोन-दोन करत वर गेले.

दादा टाकीच्या मागेच होता. मांडी घालून बसलेला, समोर रुमाल पसरून. त्याचा मित्र मनिष त्या दिवशी नागपूरहून दुपारच्या गाडीनं आला होता, त्यानं काहीतरी आणून दिलं होतं.

"ये, ये डिंपी! आली ना नवीन कॉइल!" दादा इतका खूष होता, की जणू भरतीचा निकालच लागला. "कालपासून डोकं फिरून गेलं होतं माया. झोप नाई, काई नाई. जुनी जळून गेली ना."

मी मूठ पाठीमागे लपवली. खुशबूचं वाक्य आठवलं: त्यालेच बोलाले लाव. "जळते काहून?"

"अवं, याच्यात तार राहते, तिच्याभोवती कापूस. कापूस रस पेते, तार गरम होते, त्याची वाफ होते. मंग कापूस काळा पडते. गोड फ्लेवरनं जास्तच लवकर. जळका वास आला, गुरगुर वाजाले लागलं, खालून गळाले लागलं, का समजायचं कॉइल बदलाची झाली." तो शिकवणीचा सर असल्यासारखा बोलत होता. इतकं नीट तर तो इतिहासाच्या प्रश्नाचं उत्तरही देत नाही.

"किती दिवस चालते एक?"

"पंधरा दिवस चालते."

"तुयी?"

"मायीबी पयले पंधराच चालत होती." त्यानं नवीन कॉइल बसवली, आंब्याचा रस थेंब थेंब टाकला. "मंग आठ दिवस. आता हे पाच दिवसात गेली." तो थांबला. "डुप्लिकेट माल येते ना आजकाल."

"कॉइल डुप्लिकेट होती का तू जास्त ओढून राहिला?"

"तू स्टेजवर बोलत जा वं. अठी नको."

एरवी मी यावर दहा वाक्यं ऐकवली असती. पण माझं अर्धं लक्ष रस्त्याकडे होतं. अजून बाबांची सायकल दिसत नव्हती. "मंग ओढ ना आता. थांबला कायले?"

"भिजाले वेळ लागते. दहा मिनिटं तरी ठेवा लागते भरून. कोरड्या कापसावर ओढलं, तं नवीन कॉइल पयल्याच झटक्यात जळून जाते."

"मंग ठेव."

दादानं ते रुमालावर ठेवलं. मग उचललं, उजेडात धरून पाहिलं, परत ठेवलं. मोबाइल काढला, खिशात टाकला. त्याचा गुडघा हलायला लागला, शाळेत माझा हलत होता तसाच. तो उठला, टाकीभोवती फिरून आला, बसला. हा माझा दादा! जो तलावावर गळ टाकून अख्खी दुपार दगडासारखा बसतो, मासा लागो न लागो. जो रोज अंधारात उठून पळतो आणि आंबागडच्या किल्ल्यावर चढून आला तरी म्हणतो, "अजून एक चक्कर मारू का?" त्याला एका कापसाच्या बोळ्यासाठी दहा मिनिटं बसता येत नव्हतं.

"भिजली असन," तो म्हणाला.

"दोन मिनिटंबी नाई झाले."

"नवीन हाये. लवकर भिजते."

"दादा, थांब ना."

"तुले काय समजते बे त्याच्यातलं?"

आणि त्यानं ओढलं. चर्र झालं. आंब्याचा वास एक क्षणभर आला आणि लगेच कपडा इस्त्रीखाली जळावा तसा वास सुटला. दादा वाकला. खोकायला लागला. डोळ्यांतून पाणी, गळ्याच्या शिरा फुगलेल्या. पोलीस होणारा मुलगा, भिंत धरून.

तेवढ्यात खालून फाटक वाजलं. आणि खोकला आला. दुसरा खोकला. वर एक, खाली एक. दादा थांबला की बाबा खोकायचे, बाबा थांबले की दादा.

"निकेस?" खालून बाबांचा आवाज. मग पायऱ्यांवर पाय वाजले. बाबा कधीच स्लॅबवर चढत नाहीत, त्यांना पायऱ्या सोसत नाहीत. मी जिन्याकडे धावले. ते अर्ध्यावर भिंतीला टेकले होते. भुवयांवर, कानांवर कोंड्याची पांढरी पूड. छातीतून बारीक शिट्टी वाजत होती. हातात रिकामा पंप. मला पाहून त्यांनी हातानंच 'सरक' म्हटलं आणि उरलेल्या पायऱ्या चढून वर आले.

"बॅगेत..." ते दादाला म्हणाले. एका शब्दाला एक श्वास. "बॅगेत ठेवला... म्या... नवीन... तो घे ना, बापा..."

दादाला काही कळेना. तो खोकत खोकत माझ्याकडे बघायला लागला. मी मधे उभी होते. एकीकडे बाबा, एकीकडे दादा, आणि माझ्या मुठीत पंप. मी मूठ उघडली.

"त्याले दे," बाबा म्हणाले. "पयले त्याले."

दादानं तो निळा पंप पाहिला. त्याच्याभोवतीचा बाबांचा रुमाल पाहिला. बाबांच्या हातातला दुसरा, रिकामा पंप पाहिला. मग रुमालावर पडलेलं आपलं जांभळं व्हेप पाहिलं. मी एक शब्द बोलले नाही. खरंच सांगते, एकही नाही. त्याचं तोंड उघडं पडलेलं मी आजपर्यंत फक्त एकदा पाहिलं होतं, आजोबा गेले तेव्हा.

त्यानं माझ्या हातातून पंप घेतला, हलवला आणि बाबांच्या तोंडाशी धरला. बाबांनी मान फिरवली. हातानं त्याच्याकडे ढकलला. "पयले तू."

"बाबा, घ्या ना जी!"

"तू."

"मले दमा नाई, बाबा!" दादा ओरडला. "मले काईच नाई! घ्या ना, पाया पडतो!"

बाबांनी तोंड उघडलं. दादानं दाबलं. आम्ही तिघांनी मिळून श्वास धरला. पुन्हा दाबलं. हळूहळू शिट्टी खाली गेली. बाबा टाकीला पाठ लावून बसले. आणि मग जे झालं ते मी कधीच विसरणार नाही. बाबा हसले. पूड लागलेल्या त्या चेहऱ्यावर सगळ्या सुरकुत्या एकदम पसरल्या.

"नाई?" ते म्हणाले. "खरंच दमा नाई तुले?"

"नाई."

"हात तिच्या! मी दोन रात्री झोपलो नाई, ना बे!" त्यांनी दादाच्या पाठीत एक धपका घातला. आनंदाचा. दादा तसाच मान खाली घालून बसून राहिला. धपका रागाचा असता, तर त्याला सोपं गेलं असतं.

"मंग हे काय हाये?" बाबांनी जांभळं व्हेप उचललं. उलटं-सुलटं केलं. वास घेतला. "आंब्याचा वास येते."

मी दादाकडे पाहिलं. माझ्या दोन्ही शपथा अजून शाबूत होत्या.

"सिगरेटच समजा," दादा म्हणाला. खूप हळू. "बिना धुराची. अकॅडमीतले पोट्टे ओढत होते. पयले नुसतीच गंमत होती. आता नाई ओढलं, तं राहवत नाई. पळताना दम लागते. मी कोणाले सांगतलं नाई."

रत्नमालाकाकूंकडून परत आलेल्या आईचा खालून आवाज आला, "काय होऊन राहिलं वं वर?"

"काई नाई," बाबांनी उत्तर दिलं. "हवा खाऊन राहिलो."

मिलचा भोंगा झाला. दुसऱ्या पाळीचे लोक आत जात असतील.

"म्या वीस वरसं कोंडा छातीत घेतला," बाबा म्हणाले. "मले दुसरी हवा भेटतच नोयती. भेटली असती, तं धावत गेलो असतो." त्यांनी खिशातून पुडी काढून ती जुनी काळी कॉइल नव्या जळक्या कॉइलशेजारी ठेवली. "तुले तं कोणी ढकललंबी नाई, निकेस."

एवढंच. खिशातून गुळाचा खडा काढला, दातानं तोडून अर्धा दादाच्या हातावर ठेवला, अर्धा स्वतःच्या तोंडात टाकला, आणि भिंत धरून खाली उतरले. निळा पंप या वेळी स्वतःच्या खिशात.

मी वर थांबले. दादा गूळ हातात धरून बसला होता, खात नव्हता. मग त्यानं विटेचा तुकडा घेतला आणि व्हेप ठेचलं. एकदा, दोनदा. रस वाहत सिमेंटवर गेला. आंब्याचा वास दोन दिवस त्या कोपऱ्यातून गेला नाही, आणि दादा दोन दिवस स्लॅबवर चढला नाही.

त्यानं ते ठेचलं म्हणजे सगळं झालं, असं मला वाटलं होतं. नाही झालं. तिसऱ्या दिवशी त्यानं मनिषला फोन लावला आणि मला पाहून कट केला. जेवताना ताट ढकलून उठला. आईला वाटलं, भरती जवळ आली म्हणून. माझ्यावर खेकसला, मग माझ्याच सायकलची चेन नीट करून दिली. संध्याकाळ झाली, की तो घरातल्या घरात पिंजऱ्यातल्या पोपटासारखा इकडून तिकडे. बाबा रोज गुळाचा खडा तेवढा अर्धा करत होते.

काल पहाटे त्यानं मला उठवलं. "चाल. सायकल काढ."

"कायले?"

"मी पळतो, तू बाजूनं चालव."

तलावाच्या पाळीवर धुकं होतं. बांध्या रिकाम्या, नुसते धानाचे खुंट. दादा पळत होता, मी शेजारून पॅडल मारत होते. रस्त्याच्या वळणावर त्याचा वेग कमी झाला. हात आपोआप खिशाकडे गेला. रिकामा खिसा चाचपून परत आला. मी पाहिलं. मी पाहिलं, हे त्यानंही पाहिलं.

"बोल ना वं," तो धापा टाकत म्हणाला.

"काय बोलू?"

"काईबी. तुया तोंडाले आज काय झालं? बोलत राय. थांबू नको."

आणि मी सुरू झाले! स्नेहसंमेलनापासूनच सुरू केलं, अगदी "आदरणीय व्यासपीठ" पासून. माईक बंद पडला ते सांगितलं, खुशबूचा नाचताना घुंगरू तुटला ते सांगितलं, भूगोलाच्या सरांचा आवाज काढून दाखवला. त्याला हसायला श्वास पुरत नव्हता, पण हात पुन्हा खिशाकडे गेला नाही. पाळ संपली, रेल्वे फाटक आलं, आंबागडकडे जाणारा रस्ता लागला. माझा घसा कोरडा पडला होता.

"थांबू का?" मी विचारलं.

"नाई, नाई," दादा म्हणाला. "अजून नाई. मंग काय झालं, सांग."